पाकिटावरचा शब्द आणि पाकिटातला माल

कापडाच्या व्यापारात आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ घालवला. या धंद्यात माल गिऱ्हाइकाच्या हातात देता येतो. तो बोटांनी चुरगाळून पाहतो, उजेडात धरतो, शंका आलीच तर काठाचा एक धागा ओढून काडीने पेटवून पाहतो. सुती असेल तर कागदासारखा जळून भुरभुरीत राख उरते, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. शिवाय १९८८ सालच्या नियमांनी कापडावर तंतूंचे प्रमाण छापणे आले. म्हणजे कापड विकत घेणाऱ्याजवळ दोन पुरावे असतात, एक शिक्का आणि दुसरी स्वतःची बोटे.

खाण्याच्या बंद पाकिटाचे तसे नाही. तेथे बोटांना काही कळत नाही, डोळ्यांना कळत नाही आणि जिभेलाही कळत नाही. ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ चिमूटभर मिसळले तर ते ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. तेथे गिऱ्हाइकाजवळ एकच पुरावा असतो आणि तो म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. अलीकडे बाजारात ‘ग्लूटेन-फ्री’ हा शब्द बिस्किटापासून मसाल्यापर्यंत सगळीकडे दिसू लागला आहे. या शब्दावर कोणाचे आरोग्य अवलंबून आहे, तो केव्हा विश्वासार्ह मानावा आणि आपल्यापैकी जे बेकरी, गिरणी, फरसाण, मसाला, कबाब अशा धंद्यांत आहेत त्यांच्यावर या शब्दाने कोणती जबाबदारी येते, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम विषय समजून घेऊ. गहू, जव आणि राय या धान्यांत जे चिकट प्रथिन असते त्याला ग्लूटेन म्हणतात. कणीक मळल्यावर ती ताणली जाते, पाव फुगतो, रुमाली रोटी फाटत नाही, ही सारी ग्लूटेनची करामत. बहुसंख्य लोकांना ते अपायकारक नाही. परंतु काही लोकांना ‘सिलिॲक’ नावाचा आजार असतो. त्यांच्या शरीरात ग्लूटेन गेले की शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. त्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे बारीक तंतू असतात व अन्नातील सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग माणूस पोटभर खातो आणि तरीही उपाशी राहतो. मुलांची वाढ खुंटते, पोट फुगते, जुलाब होतात. मोठ्यांमध्ये कधी पोटाची तक्रार नसतेही. लोहाच्या गोळ्या खाऊनही न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे, वरचेवर येणारी तोंडे, एवढीच लक्षणे दिसतात.

हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकातच गव्हाचा संशय आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात अन्नाचा भीषण तुटवडा पडला. त्या काळातील अनुभवाने त्यांचा संशय बळावला आणि १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. त्याआधी या मुलांना काय द्यावे याविषयी वैद्यक अंधारात चाचपडत होते. आज रोगाचे कारण माहीत आहे, मात्र सर्वमान्य उपचार एकच आहे. तो म्हणजे जन्मभर ग्लूटेन टाळणे. त्याला पर्याय ठरेल असे औषध अजून हाती आलेले नाही.

हा गोऱ्या लोकांचा आजार आहे अशी एक समजूत आपल्याकडे होती. उत्तर भारतात झालेल्या पाहण्यांनी ती खोटी ठरवली आहे. तेथे शंभरात सुमारे एकाला हा आजार आढळतो. भात खाणाऱ्या दक्षिणेत प्रमाण बरेच कमी आहे. येथे एक सूचना अगत्याने करतो. संशय आला म्हणून कोणी आपल्या मनाने गहू बंद करू नये. रक्ततपासणी आणि आतड्याची तपासणी गहू खाण्यात असतानाच खरे उत्तर देते. गहू सोडून काही महिने झाले की तपासणी फसते. आधी डॉक्टर, नंतर पथ्य, हाच क्रम ठेवावा.

आता प्रश्न येतो तो ‘किती’चा. व्यापाऱ्याला मोजमापाशिवाय गोष्ट पटत नाही, म्हणून हिशेब मांडतो. अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने २००८ साली ‘ग्लूटेन-फ्री’ मालासाठी एका किलोत २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. अमेरिकेने २०१३ च्या नियमात तीच धरली. युरोपात तीच आहे आणि आपल्या भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचीही तीच आहे. म्हणजे ‘फ्री’ याचा कायदेशीर अर्थ शून्य असा नसून किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असा आहे.

गव्हाच्या पिठात साधारण आठ ते दहा टक्के ग्लूटेन असते. म्हणजे एक ग्रॅम पिठात ८० ते १०० मिलिग्रॅम. एक किलो ज्वारीच्या पिठात एकच ग्रॅम गव्हाचे पीठ मिसळले तर ते मर्यादेच्या चार ते पाच पट झाले. दुसऱ्या बाजूने पाहा. तीस ग्रॅम पिठाच्या एका चपातीत अडीच ते तीन हजार मिलिग्रॅम ग्लूटेन जाते. तेवढे ग्लूटेन पोटात जायला मर्यादेवरचा ‘ग्लूटेन-फ्री’ माल सव्वाशे ते दीडशे किलो खावा लागेल. रोज १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेक रुग्णांना सोसते असे मानले जाते. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिले तर आतड्याला इजा होते, असे इटलीत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम पीठ. चपाती लाटताना पोळपाटाखाली याहून अधिक सांडते. तेव्हा या आजारात ‘थोडेसे चालते’ हे वाक्य कोणी उच्चारू नये.

हे आम्ही पुस्तकी म्हणून सांगत नाही. आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीला सातव्या वर्षी हा आजार निघाला. घरात गहू वेगळा ठेवला गेला, तिची भांडी वेगळी झाली, तवा वेगळा झाला, बिस्किटे व पाव बंद झाले. मूल हट्ट न करता ज्वारी, तांदूळ, नाचणी खाऊ लागले. सात-आठ महिने झाले तरी रक्तातील आकडा म्हणावा तसा उतरेना. डॉक्टरांनी आहाराची एकेक वस्तू विचारली, तेव्हा गाडी गिरणीवर येऊन थांबली. ज्वारी घरची, निवडलेली. पण दळली जात होती त्याच चक्कीत, जिच्यातून आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू नुकताच निघालेला असे. सुनेने गिरणीवाल्याला विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “अहो भाभी, चिमूटभर गव्हाने काय होतेय? उलट भाकरी छान थापली जाते.” त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला माहीतच नव्हते. घरात छोटी चक्की आणली आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. मुलीची उंची आता वाढू लागली आहे.

ही झाली गिरणीची गोष्ट. बंद पाकिटाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक अवघड होतो, कारण विचारायला समोर गिरणीवाला नसतो. मग पाकीट निर्धोक आहे की नाही हे ठरवायचे कसे? घरात जी पद्धत बसली, ती क्रमाने देतो.

पहिली गोष्ट, पाकिटाची पुढची बाजू वाचूच नये. पुढची बाजू जाहिरातीची असते. ‘मल्टिग्रेन’, ‘नाचणी बिस्किट’, ‘ओट्स कुकीज’ असे मोठ्या अक्षरात असते आणि मागे यादीत पहिले नाव गव्हाच्या पिठाचे निघते. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हे लक्षात ठेवावे. ज्याचे नाव पहिले, त्याचे वजन सर्वांत जास्त.

दुसरी गोष्ट, यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी. व्हीट, आटा, मैदा, रवा, सूजी, सेमोलिना, दलिया, शेवया, बार्ली, माल्ट, राय, स्पेल्ट, खपली हे सारे ग्लूटेनचेच घर आहे. खपली हा जुना गहू असला तरी गहूच. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असतात म्हणून बिनधास्त घेतले जातात, पण त्यांना चव यावी म्हणून बहुधा जवाचा माल्ट घातलेला असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो. सोया सॉस सोयाबीनचा खरा, परंतु तो करताना बहुधा गहूही वापरतात. माल्ट व्हिनेगर जवाचे.

तिसरी गोष्ट, यादीतल्या पदार्थाच्या पोटातला पदार्थ शोधावा. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे हिंग. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येणारा अस्सल हिंग इतका उग्र असतो की तसाच वापरता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ किंवा स्टार्च मिसळून बांधानी हिंग तयार करतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. आता पाहा, उडदाच्या पापडात हिंग, लोणच्यात हिंग, सांबार मसाल्यात हिंग, फरसाणात हिंग. चारही पदार्थांत गव्हाचे नाव कोणाच्या स्वप्नातही येत नाही. तांदळाच्या पिठात किंवा स्टार्चमध्ये बांधलेला हिंगही बाजारात मिळतो. डबी उलटून वाचावी, एवढेच. आपल्या स्वयंपाकघरातील आणखी दोन वस्तू अशाच आहेत. बिर्याणीसाठी तळलेल्या कांद्याचे पाकीट मिळते, काही कारखान्यांत तो कांदा कुरकुरीत राहावा म्हणून गव्हाच्या पिठात घोळवून तळतात. गोठवलेले सीख कबाब, शामी, नगेट्स यांत मांस बांधून ठेवायला पावाचा चुरा किंवा गव्हाचे प्रथिन घातलेले असू शकते.

चौथी गोष्ट, यादीखालची ओळ पाहावी. २०२० च्या लेबल नियमांनुसार गहू, जव, राय, ओट्स अशी ग्लूटेनयुक्त धान्ये घातली असतील तर ‘कंटेन्स’ या शब्दाने वेगळे सांगावे लागते. त्याच कारखान्यात दुसऱ्या मालातून अंश येण्याचा संभव असेल तर ‘मे कंटेन’ असे छापण्याची सोय आहे. ‘मे कंटेन व्हीट’ असे दिसले तर सिलिॲकच्या रुग्णाने ते पाकीट परत ठेवावे. मात्र ती ओळ नाही म्हणजे धोका नाही, असे मानू नये. प्रामाणिक कारखानदार ती छापतो, दुसरा गप्प बसतो आणि पाकिटावर दोघेही सारखेच दिसत नाहीत, उलट गप्प बसणाराच अधिक स्वच्छ दिसतो.

पाचवी गोष्ट, ‘ग्लूटेन-फ्री’ हा शब्द असेल तर तो कोण म्हणतो ते पाहावे. निर्मात्याचे नाव, पत्ता, प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का? युरोपातून आलेल्या मालावर काट मारलेल्या गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असते. ते तेथील सिलिॲक संस्थांच्या परवान्याने दिले जाते व त्यामागे तपासणी असते. परवाना क्रमांक मात्र फक्त एवढेच सांगतो की धंदा नोंदलेला आहे, त्याने माल ग्लूटेनमुक्त ठरत नाही. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, हलालचा शिक्का हलालचा आहे. दोन्हींचा ग्लूटेनशी काही संबंध नाही. हे सांगावे लागते, कारण शिक्का दिसला की ‘सगळे ठीक आहे’ असे मानणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

जेथे शब्द भिववतात पण धोका नसतो, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर पथ्य करणारा माणूस उपाशी मरायचा. ‘ग्लुटिनस राइस’ म्हणजे चिकट तांदूळ, त्यात ग्लूटेन नसते. ‘मोनोसोडियम ग्लुटामेट’, ज्याला लोक अजिनोमोटो म्हणतात, त्याचे नाव जवळचे असले तरी ते ग्लूटेन नव्हे. ‘बकव्हीट’ म्हणजे कुट्टू, त्याच्या नावात गहू आहे, दाण्यात नाही. ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ आणि माल्ट एक नव्हेत, पहिला बहुधा मका किंवा टॅपिओकाचा असतो. उलट ‘व्हीट-फ्री’ हा शब्द पुरेसा नाही, कारण गहू नसला तरी जव असू शकतो. नाचणीचे माल्ट हे मोड आलेल्या नाचणीचे असते, जवाचे नव्हे. पण तयार पाकिटात त्याला जोड म्हणून काय घातले आहे ते वाचल्याशिवाय कळत नाही. थालीपिठाच्या भाजणीचेही तसेच, कोणी गहू घालतो, कोणी घालत नाही. नावावर निर्णय होत नाही, यादीवर होतो.

आखातात ज्यांचे भाऊ-मुले आहेत त्यांच्या घरी परदेशी पाकिटे येतात. त्यांच्याविषयी दोन शब्द. युरोपच्या पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्याचे नाव यादीतच ठळक अक्षरात किंवा वेगळे उठून दिसेल असे छापतात. अमेरिकेचा २००४ चा कायदा गव्हाचे नाव सांगायला लावतो, जव आणि राय यांचे नाही. म्हणून अमेरिकन पाकिटावर ‘कंटेन्स’पुढे गहू नसला तरी यादीत माल्ट आहे का ते शोधावेच लागते.

ही सारी अक्षरे इंग्रजीत असतात. कायद्याने इंग्रजी किंवा हिंदी चालते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि आमच्यासारखी हजारो घरे आहेत जेथे स्वयंपाक करणारी बाई उर्दू किंवा मराठी उत्तम वाचते, पण मुंगीएवढी इंग्रजी अक्षरे वाचताना अडखळते. यावर आम्ही सोपा उपाय सुचवतो. वर दिलेले दहा-बारा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि शेजारी उर्दू-मराठीत लिहून तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवावा आणि त्याची एक प्रत बाजारच्या पिशवीत ठेवावी. अर्थ पाठ नसला तरी अक्षरांचा आकार जुळवता येतो. पूर्वी न शिकलेले कारागीरही गाठींवरचे मार्के आकारानेच ओळखत होते.

अगदी लहान पुड्यांची अडचण वेगळी आहे. ज्या पुडीचा पृष्ठभाग शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, तिला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे, ती यादी मोठ्या वेष्टनावर असावी लागते. दुकानदाराने मोठे वेष्टन फोडले, फेकले आणि पुड्या दोरीला लटकवल्या की यादी गेली. गिऱ्हाइकाने विचारले तर दाखवता यावे म्हणून निदान एक वेष्टन ठेवून द्यावे, ही किरकोळ दुकानदारांना आमची विनंती आहे.

आता आम्ही धंद्याच्या मुद्द्यावर येतो. कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांचे यंत्रसामान असते, प्रयोगशाळा असतात, त्यांचे पाकीट घ्यावे आणि निश्चिंत व्हावे. हेही पूर्ण खरे नाही. अमेरिकेतील जनरल मिल्स या बलाढ्य कंपनीने ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘चिरिओज’ नावाच्या आपल्या न्याहारीच्या मालाचे सुमारे १८ लाख खोके बाजारातून परत बोलावले. त्यांवर ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेले होते. झाले असे की कॅलिफोर्नियातील लोडी येथील कारखान्याची रेल्वेसेवा काही काळ बंद होती, म्हणून ओट्सचे पीठ वाघिणीतून ट्रकमध्ये भरून आणावे लागले. त्या बदलात गव्हाचे पीठ ग्लूटेन-फ्री मालाच्या यंत्रणेत शिरले. कंपनीने मानवी चूक झाल्याचे जाहीर केले. गाठी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरताना माल बदलण्याचा अनुभव कोणत्या व्यापाऱ्याला नाही? फरक इतकाच की कापडाची गाठ बदलली तर पैशाचे नुकसान होते, येथे आतड्याचे होते.

अमेरिकेतच २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, मुळातच ग्लूटेन नसणाऱ्या धान्यांचे व पिठांचे २२ नमुने तपासले होते. त्यांतील सातांमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन निघाले. धान्य निर्दोष होते. शेत, पोती, गाडी, चक्की यांपैकी कोठेतरी गव्हाचा स्पर्श झाला होता. ओट्सच्या बाबतीत हे विशेष घडते, म्हणून साधे ओट्स सिलिॲकच्या रुग्णाने घेऊ नयेत. खास ग्लूटेन-फ्री म्हणून तपासलेले ओट्सही डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत, कारण काही रुग्णांना तेही सोसत नाहीत.

याचा अर्थ असा की पाकीट सुरक्षित ठरते ते शेतापासून पाकिटापर्यंतच्या संपूर्ण वाटेने. ती वाट गिऱ्हाईक पाहू शकत नाही, आम्ही धंदेवाले पाहू शकतो. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, ज्याची खात्री नाही तो शब्द छापू नका. बेकरीत एका भट्टीत मैद्याची नानखटाई आणि दुसऱ्या ताटात तांदळाची, हवेत मैद्याची धूळ, तेच हात, तेच घमेले. अशा ठिकाणी तांदळाच्या नानखटाईवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिणे म्हणजे रुग्णाला फसवणे आहे, मग नियत कितीही साफ असो. समोसा ज्या कढईत तळला तिच्यात तळलेली बेसनाची भजी रुग्णाला चालत नाहीत. ‘तांदळाची नानखटाई, येथे मैदाही वापरला जातो’ एवढे खरे लिहिले तरी पुरेसे आहे. त्याने एक गिऱ्हाईक जाईल, पण जो येईल तो कायमचा येईल.

दोन, ज्याला हा माल खरोखर करायचा आहे त्याने वेगळी जागा, वेगळी चक्की, वेगळी भांडी ठेवावीत आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून वेळोवेळी तपासणी करून घ्यावी. अर्ध्या मनाने हा धंदा होत नाही. गिरणीवाल्याला एक वेगळी चक्की फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांसाठी ठेवता आली आणि तशी पाटी लावता आली, तर दूरच्या मोहल्ल्यातून गिऱ्हाईक चालत येईल, असा आमचा अंदाज आहे.

तीन, कच्चा माल देणाऱ्याकडून लेखी घ्या. मसाला पॅक करणाऱ्याने हिंगवाल्याला विचारावे की यात कोणते पीठ आहे. ज्याने विचारले नाही त्याला आपल्याच पाकिटात काय आहे ते माहीत नसते.

चार, गिऱ्हाइकाने विचारले आणि उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे म्हणा. ‘घ्या हो, काही होत नाही’ असे म्हणू नका. ‘माहीत नाही’ या उत्तराने आमच्या माहितीत कोणाचे दुकान बसलेले नाही.

कायद्याचीही जाणीव असावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे चुकीच्या लेबलाच्या मालाला तीन लाख रुपयांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण आमच्या मते दंड हा मुद्दाच नव्हे. तोल-माप बरोबर ठेवणे हे आपल्याकडे व्यापाराचे पहिले कलम मानले जाते. माल किती आहे हे जसे मापाने सांगतो, तसा माल काय आहे हे शब्दाने सांगतो. शब्द खोटा असेल तर खरे मापही उपयोगाचे नाही.

दोन आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला असा की हे सारे श्रीमंतांचे फॅड आहे. यात काही तथ्य आहे. वजन उतरवण्यासाठी म्हणून गहू सोडणारे लोक आहेत आणि त्यांच्या खिशाकडे पाहून बाजारात दुप्पट-चौपट भावाची पाकिटे आली आहेत. ज्याला आजार नाही त्याने चपाती सोडण्याचे काही कारण आम्हाला दिसत नाही. परंतु एकाची हौस आहे म्हणून दुसऱ्याचा आजार खोटा ठरत नाही. उलट हौशी गिऱ्हाइकाला चिमूटभर गव्हाने काही होत नाही, त्यामुळे विकणारा सैल होतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

दुसरा आक्षेप असा की गरीब माणसाला हे पथ्य परवडणार कसे? यावर आमचे उत्तर असे की गरिबाने पाकिटाच्या मागे लागूच नये. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, डाळी, मांस, मासे, अंडी, दूध, भाज्या, फळे यांत मुळातच ग्लूटेन नाही. महाराष्ट्राच्या ताटात भाकरी होतीच. अख्खे धान्य आणावे, निवडावे, धुऊन वाळवावे आणि स्वच्छ चक्कीत दळावे. ज्या पाकिटाविषयी दहा मिनिटे वाचूनही शंका राहते, ते पाकीट घ्यायचेच नाही, हा नियम आमच्या बंधूंच्या घरात आता पक्का झाला आहे आणि त्याने खर्च वाढला नाही.

अडचण येते ती सण-समारंभात. हलीम गव्हाचे व जवाचे, शीरखुर्म्यातल्या शेवया गव्हाच्या, शीरमाल मैद्याचे. लग्नाच्या दस्तरखानावर मूल बसते आणि प्रत्येक ताटाकडे पाहून आईच्या तोंडाकडे पाहते. यजमानाने तांदळाची फिरनी, साधी बिर्याणी, तव्यावर न लागलेले कबाब एवढे वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्यासह काढून ठेवले तर ते मूल सर्वांबरोबर जेवू शकते. भटारखान्यातील उस्तादांना आधी सांगून ठेवले की ते आनंदाने करतात, असा आमचा अनुभव आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पाकीट निर्धोक आहे की नाही हे ठरवण्याचे निम्मे काम वाचणाऱ्याचे आहे, त्याने यादी वाचावी, पोटातला पदार्थ शोधावा आणि शंका असेल तेथे थांबावे. उरलेले निम्मे काम छापणाऱ्याचे आहे आणि ते गिऱ्हाईक कितीही हुशार असले तरी त्याला करता येत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली चक्की, भट्टी किंवा कढई आहे, त्यांनी या आठवड्यात एकदा आपल्या मालाची यादी काढावी, प्रत्येक वस्तूपुढे गहू आहे, नाही किंवा माहीत नाही असे तीनपैकी एक उत्तर लिहावे आणि ती यादी गल्ल्याजवळ टांगावी. यासाठी खर्च एका कागदाचा आहे.